तृतीयपुरुषी आत्मचरित्र

ज्या विषयाशी आपला काडीमात्र संबंध नाही त्यावर खुशाल लिहावे, परंतु ज्याची खडान्‌खडा माहिती केवळ आपल्यालाच आहे, म्हणजे आपण स्वतः, आपला कारखाना, आपले मेहुणे आणि आपले पुढारी, त्याला शक्यतो हात लावू नये, असा विपरीत दंडक विकिपीडिया नामक सार्वजनिक ज्ञानकोशाने घालून दिला असल्यामुळे समाजातील कित्येक सत्पात्र व्यक्तींची केवढी कुचंबणा होत असेल, याचा विचार कोणी सहृदयतेने केल्याचे आमच्या वाचनात नाही.

एखाद्या पंचायत समितीचे माजी सभापतीच घ्या. त्यांच्यावरील लेख प्रथम अवतीर्ण होतो तो चार ओळींचा आणि रुक्ष. मध्यरात्र उलटल्यावर, आदल्याच दिवशी खाते उघडलेला कोणी एक निरिच्छ सदस्य तेथे येतो, 'पराभूत झाले' या जागी 'लक्षणीय मते मिळविली' असे लिहितो, 'चौकशी' या मथळ्याखालील परिच्छेद 'शुद्धलेखन सुधारले' असा शेरा मारून समूळ काढून टाकतो, आणि जाता जाता, सभापतींनी बालपणी विहिरीत पडलेले वासरू वाचविल्याची, त्यांच्या मातोश्रींखेरीज कोणास ठाऊक असण्याचा संभव नसलेली हकीगत दाखल करतो. पुढे एखाद्या प्रचालकाने तिच्यापुढे 'संदर्भ हवा' असे चिकटविले की हाच निरिच्छ सदस्य चर्चापानावर असा काही कळवळतो की, वासरू पुन्हा विहिरीत पडले असावे असे वाटू लागते.

या मोहातून खुद्द संस्थापकही सुटले नाहीत, मग सभापतींची काय कथा! जिमी वेल्स यांनी २००५ मध्ये स्वतःवरील लेखात वारंवार बदल करून लॅरी सँगर यांचा सहसंस्थापक हा उल्लेख काढला, आणि गोष्ट बाहेर फुटल्यावर खेद प्रदर्शित केला. त्याच वर्षी अमेरिकन प्रतिनिधीगृहाचे सभासद मार्टी मीहान यांच्या कचेरीतील मंडळींनी त्यांच्यावरील लेख उचलून त्या जागी घरचे चरित्र ठेवले, आणि या स्थलांतरात, आपण चारच मुदती पदावर राहू, हे त्यांनी मतदारांना दिलेले व पुढे न पाळलेले वचन नेमके गहाळ झाले. सामान हलविताना अडचणीचीच वस्तू हरवावी, हा योगायोग मोठा समंजस म्हटला पाहिजे.

गंमत अशी की, तलाठ्याच्या फेरफार-नोंदवहीप्रमाणे येथेही प्रत्येक बदलाची तारीख, वेळ आणि कर्ता 'इतिहास' या पानावर कायमचा नोंदला जातो, खोडलेला मजकूरही बहुधा शाबूत राहतो, आणि खाते न उघडता लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी त्या काळी त्याचा आयपी क्रमांक उमटत असे. २००७ मध्ये व्हर्जिल ग्रिफिथ या तरुणाने 'विकिस्कॅनर' नावाचे साधन रचून हे क्रमांक कोणत्या दप्तरातले ते जुळवून दाखविले, तेव्हा डायबोल्ड या मतदानयंत्रे करणाऱ्या कंपनीकडून त्या यंत्रांवरील आक्षेपांचे १५ परिच्छेद उडविले गेल्याचे आढळले. यादीत व्हॅटिकन होते आणि सीआयएही होती. दुसऱ्यांचे पत्ते शोधण्यात हयात घालविलेल्या खात्यास स्वतःचा पत्ता झाकता येऊ नये, हे आम्हांस त्या सर्व प्रकरणातील विशेष हृद्य प्रकरण वाटते.

मागणी तेथे दुकान हा तर संसाराचा शिरस्ताच. २०१५ साली इंग्रजी विकिपीडियाने एकाच टोळीची ३८१ खाती बंद केली. लहानसहान व्यावसायिकांचे नामंजूर झालेले मसुदे हेरायचे, आपण येथील वजनदार संपादक असल्याची बतावणी करून त्यांना गाठायचे, दाम घेऊन लेख प्रसिद्ध करायचा, आणि नंतर लेखास उपद्रव पोचू नये म्हणून दरमहा रक्कम मागायची, असा तो व्यवहार होता. ज्यांच्या पूर्वजांनी चौथाई वसूल केली त्या आम्हांस यात नवे ते काय वाटणार!

आता ज्याच्या भयाने ही ३८१ सोंगे घेतली गेली तो नियम पाहावा. जून २०१४ पासून लागू असलेली ही अट मोबदला घेऊन लिहिण्यास मनाई करीत नाही. पैसे कोणाचे, काम कोणासाठी आणि संबंध कोणता, एवढेच जाहीर करावयास सांगते. खोटे लिहिण्याचा संकोच नाही, पकडले जाण्याची लाज नाही. परंतु 'मला याचे पैसे मिळाले' ही एक ओळ म्हटली की भल्याभल्यांची लेखणी अडते.

कृष्णाजी अनंत सभासदाची मात्र अडली नव्हती. शिवछत्रपतींचे चरित्र त्याने जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिले आणि ती आज्ञा बखरीतच नमूद केली. पुत्राच्या हुकुमाने पित्याचे चरित्र, याहून उघड हितसंबंध कोणता? तरीही तीनशे वर्षांनंतर इतिहासकार त्या बखरीस विचारात घेतात, कारण ती कोणाच्या पदरी राहून लिहिली हे ठाऊक असल्याने किती धरावे आणि किती सोडावे, याचा अदमास करता येतो.

तेव्हा त्या निरिच्छ सदस्यास, म्हणजे अर्थातच सभापतींच्या भाच्यास, आमची एवढीच विनंती आहे की, त्याने रात्रीची जागरणे थांबवावी, मामांविषयीचे म्हणणे वर्तमानपत्राच्या कात्रणाच्या आधारासह चर्चापानावर मांडावे, ते आपले मामा आहेत हे लिहावे आणि लेखातील बदल दुसऱ्यास करू द्यावा. मामांकडून दक्षिणा मिळाली असल्यास तीही सांगावी. त्यासाठी सदस्यपान, चर्चापान किंवा बदलाचा सारांश, यांपैकी एक जागा पुरते.