शंभर टक्के उद्दिष्टपूर्ती

आमचे बडे बाबू भामरागडला रुजू झाले ते नागपूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी खिशात घेऊनच. चिठ्ठीत चार गोळ्या आणि खाली एक ओळ होती : रोज चालणे. गोळ्या बाबूंनी घेतल्या आणि चालण्याचं रजिस्टर उघडलं.

बाबूंची सगळी नोकरी उद्दिष्टांत गेलेली. झाडं लावायचं उद्दिष्ट, वसुलीचं उद्दिष्ट, 31 मार्चच्या आत खर्चाचं उद्दिष्ट. काम वाढत नसेल तर उद्दिष्ट घटवून घ्यायचं, ही विद्या त्यांना कोणी शिकवायला नको. त्यात मोबाइलवर कोणीतरी सांगितलं की व्यायामात ध्येय लहान ठेवा, ते जमलं की मन आपोआप पुढचं मागतं. बाबूंचं मन चहा मागतं. पण लहान ध्येयाची गोष्ट त्यांना फारच पटली.

रजिस्टरचे रकाने पाच : तारीख, उद्दिष्ट, साध्य, टक्केवारी, शेरा. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. पहिल्या पानावर उद्दिष्ट ‘हेमलकसा, जाऊन-येऊन’. 1973 पासून माडिया आदिवासी जंगल तुडवत ज्या दवाखान्यात येत आले, ते हेमलकसा बाबूंच्या क्वार्टरपासून पर्लकोटा नदीच्या पलीकडे, काही लांब नाही. दुसऱ्या पानावर ‘सुधारित उद्दिष्ट : पूल’. तिसऱ्यावर ‘पुलाच्या अलीकडचं वळण’. चौथ्यापासून ‘चहाची टपरी’, आणि तिथून पुढे टक्केवारीच्या रकान्यात सलग शंभर.

जोरांचंही तसंच. आठवड्याला एक जोर असं ठरलं होतं. साध्याच्या रकान्यात नोंद आहे : ‘खाली जाणे पूर्ण. वर येणे प्रगतिपथावर.’ सूर्यनमस्कार त्यांनी दिवसाला एक आसन या हिशेबाने बारा दिवसांत वाटून घेतला. तिसऱ्या दिवशी हात जमिनीला टेकायचे होते, ते गुडघ्याशी थांबले. शेरा : ‘अंशतः साध्य. शिल्लक पुढील वर्षी.’

कोणी दहा हजार पावलांचं नाव काढलं की बाबू खुर्चीत सरळ होतात. “तो आकडा शास्त्राचा नाहीच! 1965 साली जपानात पावलं मोजायचं यंत्र निघालं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’. जाहिरात होती ती, जाहिरात!” हे खरं आहे. 2019 साली अमेरिकेत एक अभ्यास झाला, त्यात 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं, हेही खरं. बाबूंनी लगेच 4,400 चा सुधारित आदेश काढला. तो अभ्यास सरासरी 72 वर्षांच्या बायांवरचा होता, हे मी सांगितलं. “मग तर सेफ आहे,” म्हणाले. आमच्याच ऑफिससमोरून त्या वयाच्या माडिया बाया डोक्यावर ओझं घेऊन कुठून कुठून बाजाराला येतात. त्यांची पावलं कोणी मोजलेली नाहीत.

शेऱ्याच्या रकान्याला मात्र ऋतू आहेत. हिवाळ्यात धुकं. मार्च-एप्रिलमध्ये ‘मोहफुलावर अस्वलं येतात’. ती येतातच, आणि तरी बाया पहाटे टोपल्या घेऊन मोह वेचायला जातात. पावसाळ्याच्या शेऱ्याला मात्र मी हरकत घेतली नाही. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकदम फुगल्या की पाणी बाजारात शिरतं. जुना ठेंगणा पूल तेव्हा दिसेनासा व्हायचा. बाबूंनी लिहिलं होतं : ‘उद्दिष्ट पाण्याखाली.’

टपरीवरच त्यांना ती पोरगी भेटली. पोलीस भरतीची तयारी करणारी. मुलींना 800 मीटर धावावं लागतं. तिने टपरीपासून पुलाकडे अंतर मोजून रस्त्यावर चुन्याची रेघ ओढली होती, पण रेघेवर उभं राहून वेळ पाहणारं कोणी नव्हतं. “सर, तुम्ही रोज बसूनच राहता, तर टाइम पाहून द्या ना.” नाही म्हणायला कारण शोधेपर्यंत ती जागेवर जाऊन उभीसुद्धा राहिली होती.

रेघेपर्यंत पोचायचं म्हणजे बाबूंनाही तेवढंच चालणं आलं. आणि ती साडेपाचला सुटते. साडेपाच म्हणजे साडेपाच. एकदा बाबू उशिरा पोचले, तर ती धावून झाली होती, वेळेविना. काही बोलली नाही, बूट काढून खडा झटकत बसली. दुसऱ्या दिवशी बाबू सव्वापाचला रेघेवर.

तिचंही ध्येय लहानच असतं. या आठवड्यात दोन सेकंद कमी, एवढंच. वेळ ती पेनाने तळहातावर लिहिते, घामाने पुसायच्या आत वहीत उतरवते. बाबूंनी तिला आपली विद्या देऊन पाहिली. “तीन वीस आलं ना? मग उद्दिष्ट तीन पंचवीस ठेव. शंभर टक्क्यांच्या वर जाशील!”

“सर, उद्दिष्ट मी कुठे ठेवून राहिली? ते तर भरतीवाले ठेवतात.”

त्या दिवसापासून रजिस्टरमध्ये ‘सुधारित’ हा शब्द आलेला नाही. बाबूंच्या पावलांचा रकाना रिकामा असतो, तिची वेळ मात्र तारीखवार आहे. आता आणखी तिघी धावायला लागल्यात. परतीच्या धावेची वेळ दुसऱ्या टोकाला पाहावी लागते, त्यामुळे बाबू रेघ ते टपरी, टपरी ते रेघ अशा खेपा घालतात. दम लागला तरी थांबता येत नाही, कारण समोरून पोरगी सुटलेली असते. चालणं कसं चाललंय विचारलं तर म्हणतात, “वेळच मिळत नाही हो.”

तुमच्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे भरतीची पोरं-पोरी धावत असतील. त्यांना वेळ पाहणारं माणूस लागतं. मोबाइल घेऊन रेघेवर जा. वजन कितीही असलं तरी चालतं.