दिवा दाखवा, सर!

बिघाड कायमचा असला तर गाडीच्या मालकाला थोडी प्रतिष्ठा असते. टायर बसलं की रस्त्यातले चार अनोळखी लोक बाह्या सावरून खाली वाकतात. पण बिघाड अधूनमधून होणारा असला, की गाडी राहते बाजूला आणि लोक मालकालाच निरखून बघू लागतात. आमच्या गाडीच्या मीटरमध्ये घसरत्या गाडीच्या चित्राचा एक पिवळा दिवा आहे. तो मी चालवताना लागायचा. गाडी बंद करून चालू केली की विझायचा. मग मेकॅनिकने कितीही फिरवली तरी लागायचा नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. त्यामुळे मेकॅनिककडे निदान सोबत घेऊनच जायची मला खोड आहे. ब्लूटूथवर चालणारं एक स्वस्त यंत्र मागवलं आणि स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये खोचलं. मोबाइलवर उत्तर आलं, 'दोष नाही.' असली यंत्रं बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात, ब्रेकच्या कंट्रोल युनिटशी त्यांची बोलचाल नसते, हे नंतर कळलं. तोवर दिवाच खोटा असल्याचं मी घरात जाहीर करून बसलो होतो.

बीडच्या जालना रोडवरच्या गॅरेजात मोठा स्कॅनर लागला तेव्हा जुना साठलेला कोड निघाला : स्टिअरिंग अँगल सेन्सर, सिग्नल अधूनमधून तुटतो. मेकॅनिक तिशीचा, सडपातळ. तो माझा विद्यार्थी नव्हता, हे माझं नशीब.

"सर, कोड जुना आहे. आत्ता लागलेला दिवा दाखवा."

दिवा दाखवता येईना, म्हणून मी व्याख्यान दिलं. चहाच्या टपरीवर श्रोते आयते मिळतात. म्हटलं, स्टिअरिंग किती अंशांत वळलं ते हा सेन्सर सांगतो, म्हणजे चालकाला कुठं जायचंय ते. दुसरा सेन्सर सांगतो गाडी प्रत्यक्षात किती फिरतेय. दोघांचं जमेना की ईएसपी ही यंत्रणा (तो पिवळा दिवा तिचाच) एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी ताळ्यावर आणते. बॉश आणि मर्सिडीजने हे १९९५ मध्ये रस्त्यावर आणलं. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये, रस्त्यात अचानक सांबरासारखं मोठं जनावर आलं तर गाडी कशी वळते, याच्या चाचणीत मर्सिडीजचीच छोटी ए-क्लास उलटली. मग कंपनीने त्या गाडीत ईएसपी सरसकट बसवली. आपली नगर-बीड-परळी रेल्वेही १९९५ च्याच सुमारास मंजूर झाली होती, आणि बीडला गाडी यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडलं. त्या मानाने ईएसपी बीडला फारच लवकर पोचली.

"ते समदं खरं," एक म्हातारबा म्हणाले, "पण गाडीला झालंय काय?"

मत प्रत्येकाकडे होतं. उंदरानं वायर कुरतडली असंल. बॅटरी उतरली असंल. लिंबू-मिरची बांधा. यातलं बॅटरीचं मत अगदीच टाकाऊ नव्हतं, व्होल्टेज पडलं की सेन्सर खरोखर भलतंसलतं बोलतात. बॅटरी बदलली. व्हील अलाइनमेंट केली. दिवा लागला. मग मी स्वतः मल्टिमीटर घेऊन कॅनच्या, म्हणजे गाडीतली कंट्रोल युनिटं ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या, दोन तारांमधला रोध मोजला. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक, समांतर जोडणीत ६० यायला हवेत, आणि ६०च आले! हे मी बायकोला दोनदा समजावून सांगितलं.

"माझ्या हाताला कधीच लागत नाही तो दिवा," एवढंच ती म्हणाली.

मेकॅनिकने एकदा गाडी मांजरसुंब्याच्या घाटात नेऊन आणली. निघताना सीट पुढे घेतली, स्टिअरिंग खाली ओढलं, आरसा फिरवला आणि गेला. परत आला तो मान हलवतच. "घाटात सगळी वळणं घेतली सर, गाडी एकदम ओके आहे. तुमच्याच हाताला काय व्हायलंय?" त्याच्या आवाजात आता काळजी होती, आणि ती गाडीविषयी नव्हती. नवा सेन्सर मागवायचं ठरत आलं होतं. त्याची किंमत ऐकून मीच म्हणालो, आणखी थोडं बघू.

शेवटी तो म्हणाला, "सर, आज तुम्ही चालवा. मी बाजूला बसतो."

मी बसलो. सीट पूर्ण मागे घेतली आणि खालचा खटका ओढून स्टिअरिंग शेवटपर्यंत वर उचललं. माझी बसायची रीतच ती आहे, नाहीतर स्टिअरिंग पोटाला घासतं. बार्शी रोडवरच्या पहिल्याच गतिरोधकावर दिवा लागला. मी विजयी मुद्रेने मीटरकडे बोट दाखवलं. तो मीटरकडे बघतच नव्हता. माझ्या पोटाकडे बघत होता.

"सर, स्टिअरिंग खाली घ्या बरं."

खाली घेतलं, गाडी बंद करून चालू केली, त्याच गतिरोधकावरून नेली : दिवा नाही. वर घेतलं : दिवा. त्याने तिथंच खालचं कव्हर उघडलं. म्युझिक सिस्टिम बसवून घेताना 'एकही वायर लोंबकळता कामा नये' असं मी बजावलं होतं. बसवणाऱ्याने शब्द पाळला होता. सेन्सरची वायर इतर वायरींसोबत एका प्लॅस्टिकच्या टायने पट्टीला करकचून बांधली होती. स्टिअरिंग वर गेलं की ती ताणायची, कपलरमधली एक पिन अर्धी बाहेर यायची आणि दणका बसला की सुटायची. मेकॅनिक आणि बायको दोघंही बसल्याबरोबर स्टिअरिंग खाली ओढतात. स्टिअरिंग पार वर ठेवून, साऱ्या बीड शहरात, ती गाडी चालवणारा मी एकटा होतो.

टाय कापला, पिन दाबून बसवली. बिलावर त्याने 'वायर ढिली केली' एवढंच लिहिलं आणि चहाचे पैसे होतील तेवढे घेतले. घरी मात्र मी कारण 'हार्नेसवरील यांत्रिक ताण' असं सांगितलं.

तुमच्या गाडीचाही दिवा गॅरेजात लागत नसेल, तर नुसती चावी देऊन घरी येऊ नका. स्वतः चालवा, मेकॅनिकला बाजूला बसवा, आणि सीट-स्टिअरिंग रोज असतं तसंच राहू द्या. तो तुमच्या पोटाकडे बघेल, बघू द्या. आणि कपलर बसवल्यावर चाकं सरळ ठेवून स्कॅनरने सेन्सरचा शून्य अंश पुन्हा लावून घ्या. माझं ते राहिलं होतं, म्हणून गाडी दुसऱ्या दिवशी परत न्यावी लागली.