पोट साफ आहे ना?

तुमच्या जिन्यातही एक नाना असणारच. नाव अण्णा असेल, बापू असेल, क्वचित एखादी मावशीही असते. पण तुम्ही शिंकलात की ज्याच्या घराचं दार उघडतं, तो हा माणूस. डॉक्टरकडे निघालेल्याला तो लिफ्टपाशी अडवतो आणि परत आलेल्याच्या हातातली चिठ्ठी काढून घेऊन स्वतः वाचतो. वाचून झाल्यावर नुसतं "हं" म्हणतो. आपण दिलेली फी तिथंच वाया जाते.

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतले नाना रेल्वेतून निवृत्त झालेत. वैद्यकाचं शिक्षण शून्य. त्याची गरजही पडली नाही, कारण त्यांचं सगळं निदान एका प्रश्नात आटपतं : "पोट साफ आहे ना?"

माझा पाय मुरगळला होता. घोटा सुजून चपलेत मावेना. नानांनी घोट्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पोट साफ आहे ना?"

"नाना, पाय आहे हो हा."

"आणि पाय सुरू कुठून होतो? पोटाखालूनच ना?"

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी भाच्याचं लग्न जमत नाही म्हणून सहज विषय काढला, तर नानांनी मुलाचा पगार, पत्रिका, उंची काही विचारलं नाही. "पोट साफ असतं ना त्याचं? चेहऱ्यावर दिसतं ते. मुली ओळखतात." गच्चीच्या गळतीवरून सोसायटीची सभा पेटली, चेअरमन उभे राहून थरथरायला लागले, तेव्हा मागच्या खुर्चीतून तोच शांत प्रश्न आला. सेक्रेटरी समजूतदार. त्यांनी इतिवृत्तात लिहिलं, "एका ज्येष्ठ सदस्यांनी चेअरमनसाहेबांच्या प्रकृतीची आस्थेनं चौकशी केली."

कडेलोट झाला तो दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा ब्याण्णवाव्या वर्षी गेले तेव्हा. नाना भेटायला गेले, मुलाचा हात हातात घेतला. सगळे गप्प. पुढचं मला माहीत होतं, म्हणून मी खिडकीबाहेर पाहायला लागलो.

"शेवटपर्यंत पोट साफ होत होतं ना?"

मुलगा गडबडून "हो" म्हणाला.

"मग सोनं झालं," नाना म्हणाले आणि डोळे पुसत उठले.

नानांचं एक लोखंडी कपाट आहे. वरच्या कप्प्यात देव, खालच्या सगळ्या कप्प्यांत औषधं. एरंडेल, सोनामुखी, बाळहिरडे, बाळंतशेपा, काळा बोळ हा घरचा माल. त्याच्या शेजारी जुन्या बाटल्या आणि डब्या, बऱ्याचशा रिकाम्या. त्यांची सनावळी मात्र त्यांना तोंडपाठ. "ग्राइप वॉटर. वुडवर्डचं. नॉटिंगहॅम, १८५१." "अमृतांजन. नागेश्वर रावांनी आपल्या मुंबईत काढलं, १८९३." औषध जितकं जुनं तितकं गुणकारी, हा त्यांचा सिद्धांत. या हिशोबानं जळवा लावून घ्यायला हव्यात, पण ते मी बोललो नाही. नानांनी आणल्या असत्या.

एकदा मी ठरवून अभ्यास केला. एकोणिसाव्या शतकातल्या या गुप्त नुसख्यांची सगळी भानगड वाचून काढली आणि एका रविवारी नानांच्या घरी जाऊन बसलो. पहिला बार बीचम्स पिल्सचा. लहानपणी मेंढरं राखणाऱ्या थॉमस बीचमनं १८४२ च्या सुमारास इंग्लंडात या गोळ्या विकायला घेतल्या. डोकेदुखी, चक्कर, झोप न येणं, भीतिदायक स्वप्नं, सगळ्यावर एकच गोळी. जाहिरात अशी की डबीची किंमत एक गिनी व्हायला हवी. पुढे १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं 'सिक्रेट रेमेडीज' नावाचं पुस्तक काढून अशा औषधांचं पृथक्करणच छापलं. छप्पन्न गोळ्यांची डबी एक शिलिंग दीड पेनीला, आणि आतल्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग. म्हणजे रुपयाचा माल शंभराच्या वर! मी विजयी मुद्रेनं थांबलो.

"पण आत होतं काय?" नानांनी विचारलं.

"कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण."

नाना खुर्चीतून उठले. "काळा बोळ आणि सुंठ! अरे, हे तर आपलंच!"

"आणि साबण, नाना. साबण."

"आतून स्वच्छ," नाना म्हणाले. "पोट साफ. त्या बीचमला कळलं होतं."

ग्राइप वॉटरमध्ये शेपूचं तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि पूर्वी चक्क अल्कोहोल असायचं, हे सांगितलं, तर ते "शेपू" या शब्दापाशी थांबले ते थांबलेच. हॉलोवेच्या गोळ्यांचंही तेच. त्या माणसानं जाहिरातींवर वर्षाला हजारो पौंड उधळले, वापराच्या सूचना चिनी भाषेतसुद्धा छापल्या आणि गोळ्या-मलमाच्या पैशातून लंडनबाहेर मुलींचं एवढं मोठं कॉलेज बांधलं की १८८६ साली उद्घाटनाला व्हिक्टोरिया राणी स्वतः आली. "बघ," नाना म्हणाले, "लोकांची पोटं साफ झाली म्हणून पोरी शिकल्या." यावर काय बोलणार?

मग मी लिडिया पिंकहॅमबाई काढल्या. अमेरिकेत लिन नावाच्या गावी १८७५ पासून या बाईंचं बायकांच्या दुखण्यांवरचं औषध विकलं जायचं. त्यात मुळ्या-पाल्यांचा अर्क आणि अठरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. दारूचं नाव काढलं तरी कानावर हात ठेवणाऱ्या बाया ते चमच्यानं घ्यायच्या. जाहिरातीत लिहिलेलं असे, तुमचं दुखणं मिसेस पिंकहॅमना पत्रानं कळवा. पत्रांचे ढीग यायचे, उत्तरं जायची. फक्त बाई १८८३ सालीच वारल्या होत्या. बावीस वर्षांनी, १९०५ मध्ये, 'लेडीज होम जर्नल'नं त्यांच्या थडग्याच्या दगडाचा फोटोच छापला.

मला वाटलं, आता तरी नाना हसतील. ते विचारात पडले.

"उत्तर तर येत होतं ना?"

"येत होतं, पण..."

"नवऱ्याला सांगता येत नाही, सासूला सांगता येत नाही, डॉक्टर ऐकून घेत नाही. कुणी तरी विचारलं ना, बाई, तुला काय होतंय म्हणून? मेलेलीनं का होईना."

मी चिडलो. हा माणूस कुठल्याही लबाडीतून वाट काढतो. म्हणून मी शेवटचं हत्यार उपसलं : मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप. १८४९ पासून अमेरिकेत दात येणाऱ्या, रडणाऱ्या बाळांना पाजत. चमचाभर दिलं की बाळ गाढ झोपे. आत मॉर्फीन. काही बाळं उठलीच नाहीत.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अमेरिकेत कशाला जातोस? लालबागला ये की."

त्यांची आजी गिरणीत वाइंडिंगला होती. तान्हं मूल चाळीत शेजारणीच्या भरवशावर ठेवायचं आणि जाताना त्याला बाळागोळी द्यायची. अफूची. गिरणगावात कितीतरी बायांना दुसरा इलाज नव्हता. मूल रडत राहिलं तर खाडा, खाडा झाला तर पगार नाही. अफूनं पोर निजायची, भूक मरायची आणि पोट धरायचं. "संध्याकाळचा भोंगा झाला की आजी पळत यायची आणि जिन्यातूनच विचारायची, पोरीचं पोट साफ झालं का? झालं म्हणजे पोर धड आहे. आमच्या घरात तो प्रश्न तिथून आला. ती पोर म्हणजे माझी थोरली आत्या. एक दिवस जिन्यातून विचारलं, तर शेजारीण बोललीच नाही."

"आणि तुमचे वडील?"

"त्यांच्या वेळेला आजीनं गिरणी सोडली. घरोघरी भांडी घासली, पण गोळी नाही." नानांनी कपाट बंद केलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "तुझं काय? तोंड उतरलंय. पोट साफ आहे ना?"

एवढं ऐकल्यावरही नाना मला रोज सकाळी लिफ्टपाशी आवडतात, असं मुळीच नाही. माझ्या बायकोच्या थायरॉइडच्या गोळ्यांवर त्यांनी "हं" केलं तेव्हा मी त्यांच्याशी आठवडाभर बोललो नव्हतो, आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. सोनामुखीनं बऱ्या न होणाऱ्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत. पण बीचमनं हाच प्रश्न विकून लाखो कमावले. नाना चहासुद्धा स्वतःच्या घरचा पाजतात. इमारतीत पन्नास बिऱ्हाडं आहेत. दार उघडून काहीही विचारणारं त्यातलं हे एकच.

गेल्या पावसाळ्यात नानांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. खोलीत आणखी तीन पेशंट, त्यांची माणसं, सफाईवाली बाई. तेवढ्यात राउंडवर तरुण डॉक्टरीणबाई आल्या, मागे चार शिकाऊ मुलं. फाइल चाळली, टाके पाहिले आणि खणखणीत आवाजात विचारलं, "काय आजोबा, पोट साफ झालं का?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभराचं म्हणणं कुणीतरी सही-शिक्क्यानिशी मान्य केल्याचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. "ऐकलंस?" ते मला म्हणाले. "एवढी शिकलेली बाई. पहिला प्रश्न!"

"आजोबा, झालं का पण?"

आता खोलीतले सगळेच नानांकडे पाहत होते. नाना लाजले. चादर गळ्यापर्यंत ओढली, घसा खाकरला आणि मला हळूच म्हणाले, "तू जरा बाहेर थांब रे. ही काय चारचौघांत विचारायची गोष्ट आहे का?"