टोनरभाऊ

झेरॉक्स मशीन विकणाऱ्याला मशीनचं कौतुक असेल, असं आपल्याला वाटतं. टोनरभाऊंना ते नाही. चंद्रपूरहून मूल, सावली, व्याहाड करत गडचिरोलीकडे चाललेली मोटरसायकल, मागे दोरीने आवळलेले टोनरचे डबे आणि काळी पडलेली बोटं दिसली, की हेच ते समजावं. दर दोन तालुक्यांमागे असा एक नमुना निघतोच.

कधीकाळी हे टाय लावून फिरत. 1982मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्या वाढल्या, आणि कचेरी म्हटली की प्रती आल्याच. मशीन लाखाच्या घरातली. एक खपली की कमिशनवर भाऊ दोन महिने पाय पसरून बसत. पुढे छोटी मशीन पंधरा-वीस हजारांवर आली, जुन्या दुरुस्त केलेल्या मशीनी गठ्ठ्याने उतरल्या, आणि सरकारी खरेदी 2016मध्ये सुरू झालेल्या जेमच्या ऑनलाइन पोर्टलवर गेली. दहा टक्के तेच. पण लाखाचे दहा हजार होत, पंधरा हजारांचे दीड! त्यात पेट्रोल गेलं की उरतो चहा.

दुसऱ्याने पानठेला टाकला असता. भाऊंनी टाय सोडला. मशीन एकदाच आणायची असते, खायला तिला रोज लागतं, हे त्यांनी हेरलं. आता ते मशीन जवळजवळ फुकट ठेवून जातात आणि दर प्रतीमागे पैसे घेतात. ‘मशीन तुमची, मीटर मायं,’ हा त्यांचा करार.

तेव्हापासून राज्यकारभाराकडे पाहायची त्यांची दृष्टीच पालटली. 2006चा वनहक्क कायदा त्यांच्या मते थोर, कारण दाव्याला जोडायची कागदपत्रं भरपूर. लेखा-मेंढ्याच्या ग्रामसभेला 2011मध्ये स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने मिळाले. लोकांना त्यात गावाचा विजय दिसला. भाऊंना वेगळंच कौतुक: इथलाच बांबू बल्लारपूरच्या गिरणीत जाऊन कागद होतो आणि बांबू मागणारा अर्ज त्याच कागदावर होतो! 2024च्या जुलैत लाडक्या बहिणींच्या रांगा झेरॉक्सच्या दुकानांबाहेर लागल्या, तेव्हा भाऊ मोटरसायकलवरच जेवत होते.

पावसाळा मात्र वैरी. कागद ओलसर होऊन आत अडकतो. पर्लकोटा नदी पुलावर चढली की भामरागड पलीकडे आणि टोनर अलीकडे. मग फोनवर उपचार.

‘भाऊ, पानं फिक्के येऊन राहिले.’

‘डबा काढा जी. आडवा धरा. हलवा.’

‘हलवला.’

‘आनखी हलवा. पन्नास निघतेत.’

त्या पन्नास प्रतींचेही पैसे मीटरमध्ये पडतात, हे ते सांगत नाहीत. विचारलं तर लपवतही नाहीत. मला त्यांची ही उघडी लबाडी आवडते.

परवा एका कचेरीत नवे साहेब म्हणाले, ‘आता सगळं ई-ऑफिस. कागद बंद.’ मला भाऊंची काळजी वाटली. भाऊ शांतपणे म्हणाले, ‘बरोबर आहे साहेब. तसा आदेश आला असंल ना?’

साहेबांनी फायलीतून आदेश काढून दाखवला.

‘एकच प्रत?’ भाऊंनी विचारलं. ‘आस्थापनेले एक लागन, लेखा शाखेले एक...’

साहेबांनी शिपायाला हाक मारली.