स्वस्तात दा नांग

दा नांगचं तिकीट काढायची आपली रीत सरळ आहे : आधी सगळ्यात स्वस्त तारीख शोधायची, मग ती स्वस्त का होती हे तिथे भिजत उभं राहून समजून घ्यायचं. आपला पाऊस नवरात्रापर्यंत आटोपतो. दा नांग ज्या मध्य व्हिएतनामात आहे तिथला ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऐन भरात येतो. म्हणजे नेमका दिवाळीच्या सुट्टीत! शिवाय भाड्यात चार पैसे वाचावेत म्हणून मधल्या विमानतळावर रात्रभर बॅगेवर पाय टाकून पडायचं आणि वाचलेल्या पैशांची तिथेच कॉफी प्यायची.

मग दा नांगजवळचं बा ना हिल्स. 2018 साली खुला झालेला तिथला सोनेरी पूल दोन अजस्र हातांनी तोलल्यासारखा दिसतो. शेवाळलेले, पुरातन भासणारे ते हात तारेच्या जाळीवर फायबरग्लास चढवून केलेले आहेत. त्यांच्यासमोर आपण भक्तिभावाने सेल्फी काढतो.

खरं पुरातन आहे ते ‘मी सोन’ या ठिकाणी. तिथे चाम राजांनी बांधलेली विटांची शिवमंदिरं आहेत. 1969च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यातून त्यातली काही वाचली. 1999 पासून तो परिसर जागतिक वारसा आहे. 2020 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला तिथे अखंड शिवलिंग सापडलं. आपल्या सहलपत्रिकेत मात्र मी सोनला जाता येईल त्या सकाळी ‘मोकळा वेळ : शॉपिंग’ आणि रोज रात्री ‘इंडियन डिनर’!

मंडळी, तिकीट मार्च-एप्रिलचं काढा आणि एक सकाळ मी सोनला द्या. पनीर बटर मसाला पुण्यातही मिळतो.