नुसतंच नावेत

"देवाला गेले, तिथवर ठीक हाय," काकू कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून म्हणाल्या. "औंढ्याला नागनाथ, अभिषेक, प्रसादाचा पुडा, समदं रीतसर. पण तिथून सरळ घरी यायचं सोडून सिद्धेश्वरच्या धरणावर कामून गेले?"

विषय होता कोपऱ्यावरच्या बंगल्यातले साहेब आणि त्यांच्या मंडळी. साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभी नोकरी पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांवर गेली. या जोडीची बातमी मला पुसटशी लागली होती, पण आमच्या कॉलनीत बातमी आधी काकूंकडे येते आणि मग घडते, त्यामुळे मी गप्प राहिले.

"होडीत बसले म्हणे," दोरीवर चादर टाकत मी एवढंच म्हटलं.

"होडी कशाची! भोयाची नाव. एकीकडं जाळं पडलेलं, दुसरीकडं झिंग्याची टोपली. अन् वैनी तर माळकरी! नरसीची परतवारी कधी चुकवत नाही. गळ्यात तुळशीची माळ अन् बसली मासोळीच्या वासात."

"माळ पदराखाली झाकली असेल."

"पदर कुठं दिसतोय! कमरेला ट्रॅक्टरची ट्यूब होती. तिनंच सांगितलं मला. साहेबांनी पेट्रोल पंपावर हवा भरून घेतली, गाडीच्या टपावर बांधली, अन् तिथं नेऊन हिच्या गळ्यातून खाली सरकवली."

काकू पोट धरून हसल्या. मला मात्र ट्यूब पटली. भोयाच्या नावेत लाइफ जॅकेट कुठून असणार? आणि धरणाचं पाणी वरून कितीही शांत दिसलं तरी खाली किती आहे, हे आख्ख्या गल्लीत साहेबांइतकं कुणाला ठाऊक?

"बरं, बसले तर बसले. दोन घंटे, गं! पल्याड कुणाचं लगीन होतं का? नाही. वावर बघायचं होतं? नाही. पाहुणे? तेही नाहीत. जिथून बसले तिथंच येऊन उतरले. मग गेले कुठं?"

काकूंना खुपत होतं ते हेच. आमच्याकडे माणूस नावेत बसतो तो काम असतं म्हणून. पुलावरून पाणी गेलंय, बाजार पलीकडे आहे, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचंय. नदीवर जायचं ते धुणं घेऊन, जाळं घेऊन, नाहीतर दहाव्याला. नुसती बघायला नदी असते ती सिनेमात. शिवाय आमची हिंगोलीची कयाधू उन्हाळ्यात अशी आटते की तिच्यात होडी नव्हे, बाज टाकून झोपावं. बारमाही पाणी बघायचं तर धरणच गाठावं लागतं. साहेबांनी इसापूर निवडलं असतं तर अजून गंमत झाली असती. अलीकडे आपला कळमनुरी तालुका, पलीकडे पुसद. होडीतून विदर्भात जाऊन दुपारच्या जेवणाला परत.

"दोन घंटे बोलले काय असतील?" मी विचारलं.

"बोलले कुठं? हे सांगत होते, ती ऐकत होती. वरती येलदरीचं धरण, तिथं पाण्यावर साडेबावीस मेगावॅट वीज होती, मग तेच पाणी खाली सिद्धेश्वरात येतं, मग कालव्यानं वसमत, परभणी, पार नांदेडकडं जातं. दोन्ही धरणं १९६८ सालची, हेही सांगितलं. बायकोला नावेत घालून पाणीपाळी शिकवली ह्या माणसानं!"

"त्यांना दुसरं काय येतं?"

"तेच म्हणते मी. पण ऐक, मधीच ती म्हणाली, तुम्ही तीस वर्सं ह्याच पाण्यापायी सणासुदीला घरी नव्हता, ते हेच का? कधी टेलच्या शेतकऱ्यांचा मोर्चा, कधी चारी फुटली, कधी रातच्याला कुणी दार उचकटलं. मी म्हणायची, कोण ही सवत? आज बघितली."

"मग साहेब?"

"गप झाले. भोई लागला हसायला. मग ह्यांनी पिशवीतून धपाटे काढले अन् भोयालाच आधी दिले."

हा प्रसंग काकूंनी मला दोनदा सांगितला. दुसऱ्यांदा मोर्चाच्या जागी टँकर आला, पण सवत जागेवरच राहिली, म्हणून मी तेवढ्यावर विश्वास ठेवते.

"पाखरं बघितली म्हणं," काकू पुढे म्हणाल्या. "नारिंगी रंगाची, बदकापरीस थोराड. जोडीजोडीनं पाण्यावर."

"चक्रवाक असतील. थंडीत येतात लडाख-तिबेटकडून. जुन्या काव्यांत लिहितात, दिवसभर जोडी संग असते आणि रात्र झाली की एक या तीराला, एक त्या तीराला."

"मग आमच्यावाणीच की! हे ओसरीवर, मी आत." आणि एवढं बोलून काकूंनी पटकन मागे वळून ओसरीकडे पाहिलं. काका पेपरात होते.

"तुम्हीही जा की दोघं. काकांना म्हणून तर बघा."

"म्हणून काय उपेग? औंढ्याला नामदेवानं मागल्या बाजूला भजन मांडलं तर आख्खं देऊळ फिरलं म्हणतात. नंदी अजून मागंच हाय. आमच्या ह्यांची पेपरातून मान फिरत नाही."

मी हसले. काकू हसल्या नाहीत. भिंतीवरचा शेवाळाचा पापुद्रा नखाने काढत बसल्या.

"अन् मी काय नावेत बसलेच नाही व्हय? माझं लगीन १९७२ च्या दुष्काळाच्या पुढच्या साली. माहेर पूर्णेच्या पल्याड. तवा पूल नव्हता. पहिल्या पंचमीला मला न्यायला आले, तर नदी दोन्ही थड्या भरून. नाव पण नव्हती, गुळाची काहील होती."

"काहिलीतून?"

"मग! दोन भोई काहिलीला धरून पोहायचे. काहील सरळ जातच नाही, गरगर गरगर फिरती. एकदा माहेर दिसतं, एकदा सासर. मला तर काही समजेना कुठं चाललोय. लई भ्या वाटलं, अन् लई बरं बी वाटलं. हे समोर बसलेले. तवा मिशी नव्हती ह्यांना."

"काही बोलले का काका?"

"काय बोलणार? मधी मामंजी बसलते."