सेमाडोहात सीडी राइट कशी करावी : नवशिक्यांसाठी सहा पायऱ्या

परतवाडा–धारणी रस्त्यावरच्या सेमाडोहात जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स चढवायचं तर सीडीच लागते. त्याचा बायॉस पेनड्राइव्हला ओळखच देत नाही.

साहित्य : लिनक्स आणि सीडी रायटर असलेला दुसरा कॉम्प्युटर, कोऱ्या सीडी-आर (लागते एक, आणा पाच), शेजाऱ्याचा इन्व्हर्टर.

१. आयएसओ फाइल परतवाड्याहून डाउनलोड करून आणा. सीडीत मावतात ७०० एमबी. उबुंटू २०१२ च्या अखेरीस त्यापुढे गेलं. २०११ पर्यंत उबुंटूवाले सीडी फुकट घरपोच पाठवत; तुम्ही उशिरा जागे झालात. सीडीत मावणारं पपी लिनक्स घ्या. डेबियनच्या ‘नेटइन्स्ट’ सीडीला भुलू नका, तिला पुढचं सामान नेटवरून लागतं, आणि नेट असतं तर तुम्ही परतवाड्याला कशाला गेला असता?

२. टर्मिनलवर फाइलवर ‘शा२५६सम’ ही आज्ञा चालवा. आलेला आकडा वेबसाइटवरच्या आकड्याशी शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. (तो उतरवून आणला ना?) जुळला नाही तर पुन्हा घाट उतरा.

३. आता फाइल उचलून सीडीवर कॉपी करू नका. ते म्हणजे बी पेरायचं सोडून बियाण्याची पिशवी शिलाईसकट जमिनीत पुरणं. ब्रासेरो या सीडी राइट करायच्या प्रोग्रामात ‘बर्न इमेज’ निवडा. मग १९९५ च्या ‘एल टोरिटो’ पद्धतीची बूट-नोंद सीडीवर जागच्या जागी उतरते. ओळखायची खूण : सीडी उघडल्यावर एकच आयएसओ दिसली तर फसलं, फोल्डर दिसले तर साधलं.

४. गती ८ एक्स ठेवा. भरलेल्या सीडीला दहाएक मिनिटं लागतात. तेवढ्यात हमखास कोणीतरी विचारतं, ‘झालं का बाप्पा?’ आणि लाइन जाते. अर्धवट सीडी-आर पुन्हा राइट होत नाही. ती शेतात पाखरं हाकलायला टांगा. पुढची सीडी इन्व्हर्टरवर.

५. वाघाचे म्हणून काढलेले सांबराचे फोटो ठेवायचे तर डेटा सीडी करा. टर्मिनलवर ‘जेनआयसोइमेज’ वापरत असाल तर जॉलिएट आणि रॉक रिज हे दोन्ही पर्याय द्या. नाहीतर फाइलींची नावं आठ अक्षरांत छाटली जातात आणि कोणतं सांबर कुठलं, ते सांबरालाही सांगता येत नाही.

६. सीडी जुन्या कॉम्प्युटरात घाला, बायॉसमध्ये बूटचा पहिला मान सीडी ड्राइव्हला द्या आणि रीस्टार्ट करा. मेनू आला की मागून इन्व्हर्टरवाला विचारेल, ‘हे सारं ठीक आहे भाऊ, पण यात पिच्चर लागते काय?’ लिनक्सचं तत्त्वज्ञान सांगत बसू नका. पिच्चर लावा. पुढची सीडी त्याच्याच इन्व्हर्टरवर राइट करायची आहे.